चोवीस बटणं

तळ्याच्या फाटकापाशी पाटी होती: ‘सोपी वाट. तळ्याभोवती पूर्ण फेरी १८०० मीटर. वेळ अर्धा तास.’ दादानं ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि धाकट्या बहिणीपुढे हात पसरला.

“बटणं दे. मोजून चोवीस.”

धाकटीला सगळी गल्ली टेलरबाई म्हणायची, त्यामुळे तिच्या पर्समध्ये बटणांची डबी असणारच, हे त्यानं गृहीत धरलं होतं. होतीही. चोवीसच का, हे विचारायची तिला गरज नव्हती. चौतीस वर्षं मोजणी खात्यात काढलेल्या माणसाची बहीण होती ती. दादाचं पाऊल पंचाहत्तर सेंटिमीटरचं. अठराशे मीटर म्हणजे चोवीसशे पावलं. शंभर पावलं झाली की एक बटण डाव्या खिशातून उजव्यात. फिती झाल्या, यंत्रं झाली, पण दादाचा खरा विश्वास त्या पावलावर. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यानं ते मापून घेतलं होतं, आणि त्यानंतर ते पुन्हा मापावं असं त्याला कधी वाटलं नाही.

महिन्याभरात दादा जिन्यावर दोनदा पडला होता. दोन्ही वेळा त्यानं दोष पायऱ्यांना दिला. “एकीची उंची दुसरीला नाही,” म्हणाला. टेलरबाईच्या तोंडून निघून गेलं, “नाचता येईना, अंगण वाकडं!”

“अंगणं वाकडीच असतात,” दादा शांतपणे म्हणाला. “मी मोजली आहेत.”

अशा माणसाशी बोलायचं तरी काय? सहा आठवडे फोन करकरून तिनं नसांच्या डॉक्टरांची वेळ मिळवली होती. उद्या सकाळी दहा. आज संध्याकाळपर्यंत ‘येतो’ म्हणून कळवलं नाही, तर ती वेळ दुसऱ्याला जाणार होती. दादा ऐकेना. शेवटी त्यानंच पैज लावली: तळ्याची फेरी अर्ध्या तासात मारून दाखवतो, मग डॉक्टरचा विषय बंद. दाखवता आली नाही, तर येतो.

निघाले. वाट खरोखरच सोपी होती. डावीकडे तळं, उजवीकडे झाडी, पायाखाली सपाट माती. एक आजी काठी टेकत मागून आल्या आणि पुढे निघून गेल्या. बाबागाडी ढकलणारी एक बाई पुढे गेली.

“दादा, डॉक्टर नुसतं बघणार आहेत रे. कापणार नाहीत.”

दादानं हात वर केला. “चारशे अडुसष्ट. बोलू नकोस, आकडा चुकेल.”

शंभर भरले, बटण खिशातून खिशात गेलं. तिनं पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा हात वर. असं पाच-सहा वेळा झालं. लहानपणीही हा असाच होता. आई जेवायला हाका मारायची आणि हा ओसरीच्या फरश्या मोजत बसायचा. तेव्हा गंमत वाटायची. आता तिला वाटत होतं, ती बटणं हिसकावून तळ्यात भिरकावून द्यावीत.

एका मुळापाशी दादा अडखळला. तिनं दंड धरला, त्यानं झटकला. “मुळं तोडायला नकोत? सोपी वाट म्हणे! पाटी रंगवणाऱ्यानं इथं पाय तरी ठेवला होता का?”

वाटेवरच्या एका बाकापर्यंत आले आणि डावा खिसा रिकामा झाला. चोवीस बटणं संपली. फाटक मात्र अजून पलीकडच्या काठावर होतं. बाबागाडीवाली बाई दुसरी फेरी मारत त्यांच्या शेजारून गेली आणि ओळखीचं हसली. टेलरबाईला हसू आलं नाही.

दादाचा चेहरा मात्र खुलला. “बघितलंस? चोवीसशे झाली. पाटी खोटी आहे!” उजव्या खिशातली बटणं तो आता डाव्यात टाकू लागला.

फाटकाशी पोचले तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती. सहा बटणं परत डावीकडे आली होती. “तीन हजार. म्हणजे सव्वादोन हजार मीटर. साडेचारशेची चूक! लांबीच चुकली, तर वेळ कसा बरोबर असेल? पैज रद्द.” त्यानं वही काढली आणि उभ्याउभ्याच तक्रारीचा मसुदा लिहायला घेतला.

टेलरबाई संतापली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत संतापली. भांडून काही उपयोग नव्हता, रडून तर मुळीच नाही. हा माणूस मापाशिवाय कशालाच बधत नाही. आणि मग तिला फाटकाच्या जरा अलीकडे तुडवलेला चिखल आठवला.

“दादा, चल मागे. वीसच पावलं.”

तळ्याचं पाणी वाटेवर झिरपून तिथं ओल झाली होती. ओलीत दादाच्या बुटांचे ठसे स्पष्ट उमटले होते. तिनं पर्समधून टेप काढली, उकिडवी बसली आणि एका टाचेपासून दुसऱ्या टाचेपर्यंत धरली.

“एकसष्ट.”

दादानं वाकून टेपवरचा आकडा वाचला. मग सवयीनंच म्हणाला, “एका मापावर जाऊ नये. तीन घ्यायची.”

“एकोणसाठ.” ती पुढे सरकली. “साठ.”

“सरासरी साठ,” दादा म्हणाला. वही त्याच्या हातात उघडीच होती, पण हिशेबाला त्याला वही लागली नाही. तीन हजार पावलं, साठ सेंटिमीटर. अठराशे मीटर. ना एक कमी, ना एक जास्त.

त्याची नजर ठशांवरून हलेना. प्रत्येक डाव्या ठशाच्या मागे चिखलात बोटभर रुंद ओरखडा होता. पाय उचललाच गेला नव्हता, ओढला गेला होता. टेलरबाईनंही तो आत्ताच पाहिला. पाटी खोटी निघाली असती तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं. पन्नास मिनिटं ती जिंकायला धडपडत होती, आणि आता ते जिंकणं तिला नको होतं.

दादानं वहीतलं पान फाडलं, चार घड्या घालून खिशात ठेवलं. मग एकेक करून सगळी बटणं तिच्या डबीत परत टाकली. चोवीस भरल्यावर झाकण लावलं.

“अंगण सरळ आहे गं,” तो म्हणाला. त्यानं आपणहून तिचा दंड धरला. “उद्या किती वाजता म्हणालीस?”