नाव न विचारायचं औषध

घरात एखाद्याचं दुखणं लांबलं, की औषधांपेक्षा सल्लेच जास्त येतात! मोहाडीच्या विजयमालाच्या घरी तर सल्ला देणाऱ्यांनी उंबरठा झिजवला होता. कोणी लसणाचं तेल सांगे, कोणी मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवी, कोणी नुसतंच म्हणे, "नजर लागली असंल वं!"

दुखणंही होतं तसं विचित्रच. दोन वर्षांपूर्वी ती नवऱ्याबरोबर, अंकुशबरोबर, नाकाडोंगरीकडच्या जंगलात कोशाची फळं, म्हणजे रानातल्या रेशीमकिड्यांचे कोष, बघायला गेली होती. पोटरीला चिकटलेली गोचीड घरी आल्यावर दिसली. पुढे तिथं लाल कडं उमटलं, ताप आला, गुडघे फुगले. नागपूरच्या डॉक्टरांनी शेवटी ओळखलं, की हा गोचिडीमुळं होणारा लाइम नावाचा आजार, आपल्याकडं क्वचितच सापडणारा. गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला. ताप गेला, सूज उतरली. पण बोटांच्या सांध्यांतली कळ आणि अंगातला थकवा काही केल्या जाईना. "काहींचं असं रेंगाळतं. हळूहळू कमी होईल," असं म्हणून डॉक्टरांनी दोन मिनिटांत पुढच्या पेशंटला हाक मारली.

हळूहळू म्हणजे किती? जिची बोटं मागावर मासोळीसारखी पळायची, तिला स्वतःची वेणी घालायला लेकीची मदत लागावी! कोशाची अर्धी विणलेली साडी मागावर तशीच राहिली. पाहिली की तिला रडू यायचं.

आणि मग लाखनीहून कुंतामावशी आली. आई गेल्यावर विजयमालाला वाढवलं ते हिनंच. मावशीचे वडील जडीबुटीसाठी पंचक्रोशीत नावाजलेले होते.

"डॉक्टरच्या गोळ्यानं रक्त जळते, पोरी," मावशी म्हणाली. "बाबाची जडी हाये माझ्यापाशी. रोज सकाळी एक पुडी दह्यात घ्याची. पण नाव विचाराचं नाई अन् डॉक्टरले सांगाचं नाई. नाव निघालं का गुण जाते."

जडी देणारा नाव सांगत नाही, घेणारा विचारत नाही. ही रीत विजयमालाला लहानपणापासून ठाऊक होती. तिनं मान डोलावली.

काय सांगावं! तिसऱ्याच दिवशी कळ गायब! आठवड्याभरात साडी पूर्ण झाली. गल्लीतल्या बाया बघायला आल्या. "चेहरा कसा भरला वं तुझा, पुनवेच्या चांदासारखा!" शेजारच्या सीताबाईंनी आपल्या गुडघ्यांसाठी पुड्या मागितल्या, मग आणखी चार घरांनी मागितल्या. सगळ्यांना विजयमालानंच मावशीचा नंबर दिला, अगदी अभिमानानं.

बारावीतली लेक मोनिका मात्र एकदा पुडी हुंगत म्हणाली, "आई, पण हे आहे तरी कायचं?"

"चूप! विचारू नको म्हणलं ना? तुह्या शाळेतलं शास्त्र शाळेतच ठेव!"

आठ महिने गेले. मावशी एका लग्नासाठी गोसीखुर्दकडं गेली आणि इकडं विजयमालाच्या पुड्या संपल्या. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. चौथ्या दिवशी सकाळी धोटा फेकता फेकता ती मागावरच कोसळली.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉ. रुचिता यांनी रक्तदाब पाहिला आणि सलाइन लावायला सांगितलं. मग तिचा गोल चेहरा, दंडावरचे निळे डाग न्याहाळत विचारलं, "दुसरं कुठलं औषध चालू आहे का?"

"काईच नाई."

"नक्की?"

"नाई म्हणलं ना, मॅडम."

मोनिकानं चमकून आईकडं पाहिलं. आई खोटं बोलत होती! हाताला सलाइन लावलेलं असताना, डॉक्टरच्या डोळ्यांत बघून! आणि तिचा रक्तदाब तर अजून वर येत नव्हता. कोपऱ्यात स्टुलावर बसलेले मोनिकाचे आबाजी, विजयमालाचे सासरे मारोतराव, हळूच उठले. साठ वर्षं कोसा हाताळलेला माणूस!

"सूनबाई, व्यापारी धागा घेऊन येते तवा तू काय करतेस?"

"आता हे काय काढलं, मामाजी?"

"सांग ना."

"एक तार जाळून पाहतो. जळल्या केसासारखा वास आला तर रेशीम. नाईतर खोटा धागा."

"अन् तो म्हणला, जाळू नको, जाळलं का रेशमाचा गुण जाते, तर?"

"तर त्याले दाराबाहेर काढीन!"

"मंग धाग्याले जे विचारतेस ते औषधाले काहून नाई विचारत? साडी तर अंगावर घालाची असते, बाई. हे तू पोटात घालून राहिली!"

विजयमालानं हळू आवाजात सगळं सांगून टाकलं.

अंकुशनं सीताबाईंकडून एक पुडी आणली. डॉक्टरांनी ती कागदावर पसरली. तपकिरी भुकटीत एक पांढरा कण होता, नीट कुटला न गेलेला. एका बाजूनं गुळगुळीत, मधोमध सरळ रेघ. तो गोळीचा तुकडा होता!

"तपासायला पाठवू," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुमचं शरीरच सांगतंय की हे स्टेरॉइड आहे. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली मापात घेतलं तर औषधच. पण रोज घेत राहिलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं विसरतं. मग एकदम थांबवलं की माणूस असा कोसळतो. आता इंजेक्शन देऊ, आणि पुढं हे औषध हळूहळू कमी करावं लागेल." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "चूक आमचीही आहे. तुमचं दुखणं कोणी बसून ऐकलं असतं, तर तुम्ही तिकडं गेला नसता."

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंतामावशी संत्री घेऊन आली. विजयमालानं पिशवीकडं पाहिलंही नाही.

"मावशी, तुले माहीत होतं?"

"कायचं?"

"माह्या तोंडाकडं पाहून सांग."

मावशी पदराशी चाळा करत राहिली. "बाबाच्या जडीनं कोणाले गुण येऊन नोहता राहिला, पोरी. लोकं हासत. मंग एकानं ह्या गोळ्या मिसळाले सांगतल्या... तू रडत होतीस वं! मले पाहवलं नाई."

"दुखणं मी सोसत होतो, मावशी! पण तू मले फसवलं! आईनंतर म्या तुलेच आई मानलं. दुसऱ्या कोणी पुडी देल्ली असती तर मी दहादा विचारलं असतं. तू देल्ली म्हणून नाई विचारलं!"

"घरची गोष्ट घरात ठेव, बाई. बाबाचं नाव जाईन."

घरची गोष्ट! विजयमालाच्या डोळ्यांपुढं सीताबाई उभ्या राहिल्या, ती चार घरं उभी राहिली. त्यांनीही पुड्या एकदम थांबवल्या तर? तिनं मोनिकाला फोन लावायला सांगितला आणि तो मावशीपुढं धरला.

"सीताबाई आहे. तू सांग. तुह्या तोंडानं सांग, नाईतर मी सांगतो."

फोनमधून "हॅलो, हॅलो, कोण हाये?" चाललं होतं. शेवटी मावशीच्या गालांवरून पाणी ओघळलं.

"सीता, मी कुंता... ते बाबाची जडी नोहे वं. त्यात डॉक्टरी गोळ्या कुटून हायेत. एकदम बंद नको करू. पुडी घेऊन दवाखान्यात ये. बाकीच्या चौघीलेही आण... चुकलं माहं!"

फोन ठेवून तिनं विजयमालाकडं हात पुढं केला. विजयमालानं तो धरला नाही. इतकी मोठी जखम एका फोननं थोडीच भरते! पण पाच घरं वाचली होती.

बोटं अजून दुखतात तिची. डॉक्टर व्यायाम सांगतात, ती करते. थोडंच विणते. पण कसली गोळी आहे, कशासाठी, किती दिवस, हे विचारल्याशिवाय आता एक घोटही घेत नाही.

वाचकहो, जडी असो की गोळी, देणारा परका असो की जीव लावणारी मावशी असो, औषधाचं नाव विचारायला लाजू नका! नाव सांगितल्यानं ज्याचा गुण जातो, त्यात गुण कधी नव्हताच. आणि तुमच्या घरात कोणाचं दुखणं लांबलं असेल, तर सल्ला देण्याआधी त्याच्यापाशी घटकाभर बसा. कोणी ऐकतच नाही म्हणून माणूस फसवणाऱ्याच्या दारात जातो, हे विसरू नका!