बठ्ठा नावाचं दार

‘माय, मनी आंडेरना नंबर आठून गया का?’

इंदिराबाई खुर्चीवर बसायला तयार नव्हती. सकाळच्या एसटीनं धुळ्याहून जळगावला आली, पत्ता विचारत तीन मजले चढली, आणि आता माझ्या टेबलाची कड धरून उभी होती. आंडेर म्हणजे लेक, आठून म्हणजे इथून. तिची रत्ना धुळ्यातल्या एका दवाखान्यात नर्स आहे. आठ दिवसांपासून तिला अनोळखी पुरुषांचे फोन येत होते.

‘काय बोलतात?’ मी विचारलं.

‘तोंडवर येत नही असं बोलतस. म्हनतस, तुले पोर व्हत नही ना, मंग घाबरस कसाले?’

हे वाक्य कुठून आलं ते मला लगेच कळलं. समाजाच्या मंडळासाठी वधू-वर सूचीची वेबसाइट आमच्या कंपनीनं केली. तिचा बॅकएंड माझा. लोकांना दिसतं ते पान दुसरे करतात. त्यामागे माहिती साठवायची, कोणाला काय दाखवायचं आणि काय लपवायचं हे ठरवायचं, ते काम माझं. फॉर्ममध्ये घटस्फोटितांसाठी एक रकाना होता, ‘कारण’. मंडळाचा हट्ट. तो फक्त मंडळाला दिसेल असं आम्ही खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. रत्नानं खरं ते लिहिलं. खरं लिहिणाऱ्याचीच फजिती होते.

आता त्या दाराबद्दल सांगते. मंडळाचे अध्यक्ष झुलाल आबा. पासवर्ड, ओटीपी याचा त्यांना भारी तिटकारा. वेबसाइट सुरू व्हायच्या आदल्या दिवशी येऊन बसले. ‘पोरी, हाई लॉगिननं लचांड माले जमत नही. एक टिचकी मारी का माले बठ्ठं दिसाले जोयजे!’ मी म्हटलं, आबा, तुम्हाला दिसेल ते जगाला दिसेल. आमच्या कंपनीचे मालक योगेंद्र सर माझ्यावरच डाफरले. ‘क्लायंट सांगतो ते कर, दिपमाला. उद्या मेळावा आहे.’

मी केलं. कुलूप नसलेला एक पत्ता तयार केला, आणि वेबसाइटच्या नावापुढे तिरकी रेघ मारून लिहिलं baththa. बठ्ठा, म्हणजे आमच्या अहिराणीत सगळं. मला वाटलं, हे कोणाच्या बापाला सुचणार नाही. मेळावा झाला की काढून टाकू. त्या मेळाव्याला चौदा महिने झाले.

पुण्यातल्या कोणाला ते खरंच सुचलं नसतं. पण सूची खान्देशातली, पोरी खान्देशातल्या, आणि चोरटेही खान्देशातलेच असणार, एवढी साधी अक्कल मला नव्हती. काल संध्याकाळी रत्नानं कंपनीत फोन करून नंबर कुठून फुटला ते विचारलं, तेव्हा मी सर्व्हरची नोंद उघडली. कोणी काय मागितलं ते तिथं ओळीनं दिसतं. एका माणसानं नऊ दिवसांपूर्वी दुपारी जेवणाच्या वेळेला बसून पत्ते टाकून पाहिले होते. all. list. data. sagla. आणि पाचव्या खेपेला baththa. चारशे बारा मुलींचे फोटो, मोबाईल नंबर, घरचे पत्ते आणि ती कारणं एका झटक्यात गेली. त्यानंतर तोच पत्ता तीनशेच्या वर मोबाईलवरून उघडला गेला. मित्रानं मित्राला पाठवला असेल, ‘मजा पाहा’ म्हणून. मला त्यांची किळस आली, आबांची आली, आणि सगळ्यात जास्त माझी स्वतःची.

दार मी काल रात्रीच बंद केलं. बैल गेला आणि झोपा केला.

इंदिराबाईचा आवाज ऐकून योगेंद्र सर केबिनमधून बाहेर आले. चेहऱ्यावर तेरवीला जातात तसला भाव. ‘मावशी, चीनमधले हॅकर असतात. मोठमोठ्या बँकांना सोडत नाहीत, आपण कोण? आमचाही नाइलाज.’ मग माझ्याकडे बोट करून, ‘मॅडम तुम्हाला तसं पत्र लिहून देतील. बाहेरील हल्ल्यामुळे, वगैरे.’

चीनमधल्या माणसाला बठ्ठा ठाऊक असेल तर मी त्याला पाटावर बसवून ओवाळीन! पण इंदिराबाईनं मान हलवली. ‘चीन,’ ती हळूच म्हणाली. एवढ्या लांबून आपल्या पोरीवर कोणाचा डोळा पडावा याचं तिला नवल वाटत होतं. तिचा विश्वास बसला होता. मी गप्प राहिले असते तर ती पत्र घेऊन दुपारच्या गाडीनं परत गेली असती, आणि माझी नोकरीही जागच्या जागी राहिली असती.

आमच्या ऑफिसात अहिराणी बोलायची नाही असा सरांचा नियम आहे. गावंढळ वाटतं म्हणे.

‘मावशी,’ मी म्हटलं, ‘चीन नही, काही नही. आपलाच लोके शेतस. आनि दार मीच उघडं ठेयेल व्हतं.’

‘दिपमाला!’ सर ओरडले.

मी स्क्रीन तिच्याकडे फिरवली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून baththa लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवून मी वाचून दाखवलं. कोणी सांगितलं, कोणी केलं, किती दिवस तसंच राहिलं, सगळं सांगितलं. ही नोंद पोलिसांना देईन, असंही मी म्हणाले. सर म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. केबिनचं दार आपटलं.

इंदिराबाई मला शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं स्वतःचं बोट त्या ओळीवर ठेवलं.

‘मंग आते बठ्ठं पुसाई गयं का?’

तिनंही तोच शब्द काढला.

‘आपलाकडलं पुसं, मावशी. लोकेस्ना मोबाईलमा गयं ते माले पुसता येत नही.’

तिनं पदराची गाठ सोडली. आत एसटीच्या तिकिटात गुंडाळलेलं एक सिमकार्ड होतं.

‘रत्नानं शे. काल काढी टाकं तिनी. नऊ वरीस व्हयनात, तिना हाऊच नंबर शे. दवाखानामा बठ्ठास्कडे हाऊच शे. बाळंतीन बायका रातले बी लावतस.’ तिनं ते माझ्यापुढे धरलं. ‘तुले पुसता येस ना? हाई बी पुसी टाक.’

सिम असं पुसता येत नाही. ती हात पुढे करून तशीच उभी होती. मी ते तिकिटासकट घेतलं.