ठण्ण आवाजाचा शब्द

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. माझं नाव ठणठणीत. मला कोणा पंडिताने घडवलं नाही, मी आवाजातून जन्मलो. भाजलेल्या मडक्यावर बोटाचं पेर वाजवून पाहा. तडा असेल तर ते ‘भद्द’ बोलतं, धड असेल तर ‘ठण्ण’. तो ठण्ण म्हणजेच मी. दुखण्यातून उठून माणूस पुन्हा धडधाकट झाला, की लोक मला त्याच्यासाठीही वापरतात. काही घरांत मात्र मला बोलावणं येतच नाही. तिथे मी उंबऱ्याबाहेरूनच परत फिरतो.

यंदा पौषात रनाळे गावच्या फुलवंताबाई कुंभारीण टायफॉइडने अंथरुणाला खिळल्या. त्यांची मुलगी संध्या रोज माझी वाट पाहायची. ताप उतरला त्याच सकाळी ती कुंपणावरून शेजारणीला ओरडली, “मीनामावशी, मन्ही माय ठणठणीत व्हई गयी!”

मी ओशाळलो. आत फुलवंताबाईंना पाण्याचा तांब्याही उचलवत नव्हता. त्या हळूच म्हणाल्या, “अय येडी, आग विझनी म्हणीसन भट्टी लगेच उघाडतस का? गरम मडकाले वारा लागना, का तडा पडस.”

संध्या वरमली. मग तिने आईला चाकाजवळ फिरकू दिलं नाही. मुगाची पातळ खिचडी, उकळलेलं पाणी, हात धरून अंगणात फेऱ्या. आई पहिल्यांदा आधाराशिवाय उभी राहिली, तेव्हा मी संध्याच्या दातांपर्यंत आलो होतो. तिने ओठ घट्ट मिटले.

होळीआधी माठांची विक्री सुरू झाली. नेहमीचे गिऱ्हाईक मोतीलालभाऊ आले आणि एकेक माठ दणादण ठोकू लागले. फुलवंताबाई पूर्वीसारख्या पदर खोचून बाहेर आल्या.

“मोतीलालभाऊ, माठ शे तो, सासराना घरनं दार नही! कितला ठोकशी?”

गल्लीतलं कुत्रं उठून बसलं. मोतीलालभाऊ खो खो हसले. “वहिनी, तू ते ठणठणीत व्हई गयी!”

संध्याने दचकून आईकडे पाहिलं. पण या खेपेला आईने मला हाकललं नाही.

“मंग! आते माठ वाजाड नहीतर माले वाजाड, आवाज एकच ई, ठण्ण!”

संध्या इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी आजारातून उठत असेल, तर मला उच्चारायची घाई करू नका. त्यांच्याजवळ बसा, त्यांच्या चालीने चाला. आणि एखाद्या दिवशी ते तुमच्यावर पूर्वीसारखे खेकसले, तर रागावू नका. मला खुशाल मोठ्याने हाक मारा. मी धावत येईन.