मेहुण्याला सोडून सगळ्यांना

सलूनवाल्याचा हात हलका होता, पण तोंडाला कुलूप नव्हतं. गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावायचा आणि गोड आवाजात विचारायचं, "मेल्यावर मूत्रपिंड द्याल का?" आता अशा वेळी माणूस हलणार तरी कसा? दाढी होईपर्यंत तो निमूट बसे, "विचार करतो" म्हणे आणि पुढच्या वेळी कोपऱ्यावरच्या दुसऱ्या सलूनमध्ये जाई.

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते बायको गेल्यावर. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. या शहरात त्यांचे लोक बाहेरून येऊन वसलेले, मूठभर. तुमच्यातल्याच कुणाचं मूत्रपिंड जुळण्याची शक्यता जास्त, असं इस्पितळात अवयवदानाचं काम बघणाऱ्या बाईंनी समजावलं होतं. त्याचं स्वतःचं जुळलं नाही, आणि देतो म्हणणारे त्यांच्यात जवळजवळ नव्हतेच. जुळणारं मिळेपर्यंत ती टिकली नाही. मग त्या बाईच म्हणाल्या, तुमचे लोक आमचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. लोकांनी ऐकलं आणि काढता पाय घेतला.

आता दुकानात तीन खुर्च्या आणि तो. दुपारी त्यातल्याच एका खुर्चीत बसून तो डबा खाई. आरशात का होईना, समोर कुणीतरी जेवतंय असं वाटे. फार एकटं वाटायचं त्याला. तोंड बंद ठेवलं तर माणसं परत येतील, हे कळत होतं. पण तेच त्याच्या जिवावर येई.

एका दुपारी दार ढकलून मेहुणा आत आला. बायकोचा धाकटा भाऊ. ती गेल्यापासून त्याने या रस्त्यावर पाऊल टाकलं नव्हतं. नात्याचं म्हणावं असं सलूनवाल्याला आता तेवढं एकच माणूस उरलं होतं.

"कटिंग," म्हणून तो खुर्चीत बसला.

सलूनवाल्याने कापड बांधलं, कात्री उचलली आणि मनाशी ठरवलं, आज अवाक्षर काढायचं नाही. हा एक तरी टिकू दे.

अर्धं डोकं कापून झालं तेव्हा मेहुणाच बोलला.

"भाऊजी, मला नाही विचारणार?"

"काय?"

"अख्ख्या गावाला विचारता ते. ताई आजारी होती तेव्हा, जिवंतपणीच एक दे, असंही नाही विचारलंत. मी रोज धास्तावून बसायचो, आज विचारतील, उद्या विचारतील."

सलूनवाल्याचा हात थांबला. "तिनंच शपथ घातली होती. म्हणाली, धाकटा भित्रा आहे, नाही म्हणेल. मग तुम्हाला कधी तोंड दाखवणार नाही. माझ्यामागे तुम्हाला त्याच्याशिवाय आहे कोण?"

मेहुण्याने कापडाच्या टोकाने डोळे पुसले. कापडावरचे केस डोळ्यांत गेले आणि आणखी पाणी आलं.

"नाहीच म्हणालो असतो," तो म्हणाला. "कुणी विचारलं नाही, तरी मला ते ठाऊक होतं. म्हणून येत नव्हतो."

सलूनवाल्याला रडू आलं, आणि बायकोचा रागही आला. एवढं सगळं तिने एकटीने ठरवून टाकलं होतं.

"मग आता विचारतो," तो म्हणाला. "मेल्यावर देशील?"

मेहुणा आरशात स्वतःकडे बघत राहिला.

"नाही. अजून भीती वाटते." मग म्हणाला, "पुढच्या महिन्यात कटिंगला येईन, तेव्हा परत विचारा."

सलूनवाला बरं म्हणाला, आणि कापायला फारसं काही उरलं नव्हतं तरी कात्री चालवत राहिला.