कूमने घातलेले पाच सेकंद

ओग्नेन दारातून आला तो थेट मिलोयेच्या अंगावर. खुर्चीसकट त्याला खाली पाडलं आणि नाकावर बुक्की हाणली. नाक मोडल्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. शर्टावर आधीच रक्त होतं, ते भावाचं, रादिशाचं. सकाळी लाकूडगिरणीत करवतीने रादिशाचा हात कोपरापासून उडवला होता. स्ट्रेचरवरून तो म्हणाला होता, "ज्याच्यामुळे झालं त्याला सोडू नकोस." ओग्नेनने शब्द दिला होता.

मिलोये त्याचा कूम. लग्नात साक्षीला उभा राहिलेला, पोराला बाप्तिस्म्यात हातांवर धरलेला. सर्बियात माणूस सख्ख्या भावाला बदडेल, पण कूमवर हात उगारणार नाही. ओग्नेनने उगारला आणि त्याला जराही वाईट वाटलं नाही.

"बाही अडकली तेव्हा फोरमनने 'थांब' टाइप केलं होतं रे, कुत्र्या! पडद्यावर काय आलं? जोडणी नाकारली! करवत फिरतच राहिली!"

तो हुकूम यंत्राला पोचवणारा प्रोग्रॅम या दोघांनीच लिहिलेला. त्याच्या चाचण्या मिलोयेकडे.

"चाचण्या हिरव्या होत्या, सगळ्या पास," मिलोये रक्त थुंकत म्हणाला.

ओग्नेनने त्याला कॉलर धरून उठवलं आणि संगणकापुढे आपटलं. "चालव!"

सगळ्या हिरव्या. पुन्हा चालवल्या, पुन्हा हिरव्या. मग ओग्नेनने 'थांब'ची चाचणी उघडली. पहिलीच ओळ होती: पाच सेकंद वाट पाहा. त्याने ती पुसून टाकली. चाचणी लाल झाली. जोडणी नाकारली.

आता गोम कळली. यंत्राची नियंत्रण पेटी एका वेळी एकाशीच बोलते. आधीची जोडणी मधेच तुटली, तरी पेटी पाच सेकंद तिलाच धरून बसायची आणि नव्याला हाकलून द्यायची. प्रोग्रॅमने पुन्हा प्रयत्न करायला हवा होता. तो करत नव्हता. चाचणी पाच सेकंद थांबायची, म्हणून पास व्हायची. करवत कशाला थांबेल?

"ही ओळ कुणी घातली?"

"मी. बाप्तिस्म्याच्या दिवशी. चाचणी मधूनमधून नापास व्हायची, कारण शोधत होतो. तू फोनवर फोन करत होतास. पाद्री खोळंबलाय, कोकरू भाजून झालंय, कूमशिवाय पोराला कोण धरणार? मी म्हटलं, एक दिवस दे. तू काय म्हणालास, सांगू?"

ओग्नेनला आठवत होतं. कसंही करून हिरवं कर आणि ये, असं म्हणाला होता. वर शिवीही घातली होती.

त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"मी रादिशाला शब्द दिलाय," तो म्हणाला. "मार."

"ओग्न्या, वेडा झालास का?"

"मार म्हणतो ना!"

मिलोयेने नाकाचं रक्त बाहीला पुसलं आणि जीव खाऊन मारलं.