मेली का?

त्या घरात 'मेली' हा शब्द दिवसातून चार वेळा तरी यायचा, आणि त्यात कुणी मरायचं नाही.

बाबा वीज कंपनीत लाइनमन आणि आई त्याच कंपनीच्या नियंत्रण कक्षात, फोनपाशी. दुरुस्तीसाठी एखाद्या लाइनचा प्रवाह तोडला की बाबा खांबाखालून फोन करायचे, "मेली का?" आई उपकेंद्राला विचारून खात्री करायची आणि सांगायची, "मेली." मग बाबा वर चढायचे. काम उरकून, माणसं मोजून खाली उतरले की पुन्हा फोन, "उठव." एवढंच बोलणं, आणि तेही अठ्ठावीस वर्षं. लग्नाआधीची दोन धरली तर तीस, कारण यांची ओळखच मुळी या फोनवर झाली. एकदा लाइन मेल्यावरही बाबांनी फोन ठेवला नाही. म्हणाले, "आणि तुम्ही कशा आहात?" आई म्हणाली, "मी जिवंत आहे. आधी काम करा, लोक खोळंबलेत." इतरांच्या घरी पाहुण्यांना लग्नाचे फोटो दाखवतात, यांच्या घरी हे वाक्य सांगायचे.

एकदा सुट्टीच्या दिवशी बाबा गॅलरीत उभे राहून फोनवर ओरडत होते, "मेली? नक्की मेली? चला, सुटलो!" शेजारीण हातातली बादली तशीच टाकून धावत आली, आणि आईने दार उघडल्यावर तिच्याकडे भूत बघावं तशी बघत राहिली. तेव्हापासून शेजारीण बाबांशी जरा जपूनच बोलते.

या दोघांची एकुलती एक लेक. घरी तिचं नाव भिंगरी, कारण लहानपणी एका जागी बसायची नाही. शिकून सवरून ती त्याच कंपनीत लागली, पण खांबावर नाही आणि फोनपाशीही नाही. तिचं काम सोयरीक जमवण्याचं.

कंपनीत पाच खाती आणि पाच सॉफ्टवेअर. तक्रारींचं एक, मीटरचं एक, तारांच्या नकाशाचं एक, उपकेंद्रातल्या स्विचांचं एक आणि लाइनमन लोकांना कामं वाटणारं एक. पाचही वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या लोकांकडून घेतलेली, त्यामुळे एकाचं तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचं पश्चिमेला. मागे कुणीतरी त्यांना एकमेकांशी परस्पर जोडून पाहिलं होतं, त्याचा असा गुंता झाला की एकाला सर्दी झाली की चौघं शिंकायचे. भिंगरीने तो गुंता सोडवून मध्ये एकच सामाईक वाट काढायची असं ठरवलं. प्रत्येकाने आपण कोणती सेवा देतो तेवढं सांगायचं. कुणी पत्ता देईल, कुणी तार कुठून कुठे जाते ते सांगेल. ज्याला हवं त्याने वाटेवर येऊन मागायचं. डबा आत कुठल्या फळीवर ठेवलाय, ही चौकशी करायची नाही.

"जावाजावांनी वेगळं राहावं, खिडकीतून वाटीभर साखर मागावी, पण एकमेकींच्या स्वयंपाकघरात शिरू नये," असं तिने मोठ्या साहेबांना समजावलं. साहेबांना ताबडतोब पटलं. त्यांच्या घरी दोन सुना होत्या.

यात एकच अडचण होती, आणि ती भिंगरीने कुणाला बोलून दाखवली नव्हती. ही सामाईक वाट कंपनीत आधीपासून होतीच. ती म्हणजे आई. तक्रारवाले आईला फोन करायचे, आई नकाशेवाल्यांना, मग उपकेंद्राला, मग बाबांना. भिंत भरून एक फळा होता, त्यावर प्रत्येक लाइनचा एक खिळा. लाइनवर माणूस चढला की आई त्या खिळ्याला लाल पाटी अडकवायची, 'माणूस वर आहे'. तो उतरेपर्यंत त्या पाटीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आता हे सगळं भिंगरीची सिस्टिम करणार होती. बाबांचा हात तारेला लागायच्या आधी जो एक शब्द यायचा, तो इथून पुढे लेक पाठवणार होती. हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती हल्ली जेवताना मान वर करत नव्हती.

सोयरिकीत सगळ्यात अवघड असते ती बोलाचाली. पाचांची भाषा एक करायला तिने चार महिने बैठका घेतल्या आणि तीनशे चाळीस शब्दांची यादी केली. एकेका शब्दावर हातघाई. 'ग्राहक' म्हणजे कोण? तक्रारवाले म्हणाले, जो फोन करतो तो. मीटरवाले म्हणाले, ज्याच्या नावावर मीटर आहे तो, मग भले तो वारलेला असो. नकाशेवाले म्हणाले, ग्राहक म्हणजे नकाशावरचं टिंब. त्या टिंबावर तीन बैठका गेल्या आणि एक कपबशी फुटली. 'बंद' हा शब्द मात्र एका मिनिटात मंजूर झाला. पाचही जणांनी एकदम माना डोलावल्या, आणि भिंगरीला इतकं हायसं वाटलं की तिने सगळ्यांसाठी चहा मागवला.

आईला या बैठकांना बोलावलं नव्हतं. ती कुठलं सॉफ्टवेअर थोडीच होती!

चाचणीचा दिवस ठरला. भाजी मंडईमागच्या लाइनवर तार खांबापासून अलग ठेवणारी एक चिनी मातीची चकती तडकली होती, ती बदलायची होती.

"माझ्या लेकीची सिस्टिम, पहिला मीच चढणार," बाबा म्हणाले.

"चढा. पण फोन करून," आई म्हणाली.

"अगं आई, फोन करावा लागू नये म्हणून तर हा सगळा खटाटोप!"

आई काही बोलली नाही. ती बोलली नाही की घरात सगळ्यांना ऐकू जायचं.

सकाळी दहा वाजता नियंत्रण कक्षात पाच खात्यांचे पाच साहेब आणि एक मोठे साहेब जमले. आई नेहमीच्या खुर्चीवर होती, हात मांडीवर ठेवून. भिंगरीने बटण दाबलं. तक्रार निघाली, नकाशाने लाइन शोधली, उपकेंद्राला निरोप गेला, उपकेंद्राकडून स्विचची स्थिती परत आली आणि बाबांच्या मोबाइलवर पोचली. स्क्रीनवर हिरवी पट्टी उमटली, 'लाइन बंद. काम सुरू करा.' अकरा सेकंदांत! साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात फोन वाजला.

"मेली का?" बाबांचा आवाज खोलीभर घुमला. आईच्या फोनचा आवाज नेहमी मोठाच असायचा.

भिंगरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळे साहेब बघत होते. ती आईच्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "बाबा, मोबाइलवर आलंय ना!"

"आलंय गं भिंगरे, हिरवंगार आलंय. पण तुझी आई अजून काही बोलली नाही."

आईने दुसऱ्या फोनवरून उपकेंद्र लावलं. तिकडून आरामात उत्तर आलं, "हातमोजे घालतोय, ताई. स्विच उघडला नाही अजून."

आईने पहिला फोन तोंडाशी धरला. "जिवंत आहे. खालीच थांबा."

टाळ्या वाजवलेले हात कुठे ठेवावेत, हे कुणाला कळेना. भिंगरीने निरोपांची नोंद उघडली आणि दोन ओळी वाचताच तिच्या पायाखालची जमीन सरकली. उपकेंद्राचं सॉफ्टवेअर खोटं बोललं नव्हतं. इंजिनिअरांच्या पुस्तकात स्विच 'बंद' म्हणजे त्याची दोन टोकं जुळलेली, म्हणजे प्रवाह धो धो वाहतोय; स्विच उघडला तरच तो तुटतो. आणि रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडी लाइन 'बंद' म्हणजे प्रवाह नाही, खुशाल चढा. उपकेंद्राने आपलं 'बंद' पाठवलं, बाबांच्या मोबाइलने आपलं 'बंद' दाखवलं. ज्या शब्दावर भांडण झालं नाही, त्याच शब्दाने दगा दिला होता. यादीतली ओळ दोनशे बारा, आणि पुढे मंजुरीची सही तिची.

बाबांनी वर चढून आधी लांब दांड्याचा टेस्टर लावलाच असता, नियमच आहे तसा. टेस्टर ओरडला असता आणि ते मागे सरले असते. पण 'असता'च्या भरवशावर कुणी आपला बाप ठेवत नाही.

आईने बाबांना परत बोलावलं, साहेब मंडळी पाय न वाजवता निघून गेली आणि खोलीत दोघीच उरल्या.

"तुझ्या यादीत माझा शब्द का नव्हता?" आईने विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"मला लाज वाटली," भिंगरी म्हणाली. "एवढ्या मोठ्या साहेबांसमोर 'मेली' कसं लिहायचं? म्हणून मी चांगला शब्द शोधला." आणि तिला रडू कोसळलं.

आईने तिचं डोकं पोटाशी धरलं. "मेली कुठली! रडतेस काय? बंद काय, दारही बंद असतं आणि दुकानही बंद असतं. एकदा नवीन असताना मीही 'बंद' म्हणाले होते. तुझे बाबा खांबाखालून म्हणाले, कुठलं बंद, बाई? तुमचं की आमचं? त्या दिवशी आम्ही दोघांनी हा शब्द ठरवला. मेलीचे दोन अर्थ होत नाहीत."

"आत्ताच मला म्हणालीस ना, मेली कुठली!"

"तो लाडाचा," आई म्हणाली, आणि दोघी रडता रडता हसायला लागल्या.

पुढचे तीन आठवडे यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली गेली, आणि या वेळी टेबलाच्या टोकाशी आई बसली. दर शब्दाला तिचा एकच प्रश्न, "कुणाचा?" साहेब घायकुतीला यायचे, पण उत्तर मात्र द्यावं लागायचं. 'बंद' यादीतून हद्दपार झाला. त्याच्या जागी 'जिवंत' आणि 'मेली' आले. नकाशेवाले साहेब म्हणाले, "जरा भारदस्त काही नाही का?" मोठे साहेब म्हणाले, "चढणाऱ्याला कळतंय ना? मग झालं." आणखी एक नवी सेवा वाटेवर आली. नियंत्रण कक्षातल्या माणसाने स्वतः उपकेंद्राशी बोलून, स्वतःच्या नावाने 'मेली' म्हटल्याशिवाय पट्टी हिरवी होणारच नाही. पाच जावांच्या डोक्यावर ही एक सासू आणून बसवली, असं मीटरवाले म्हणाले. भिंगरी म्हणाली, सासू नाही, आई.

दुसऱ्या चाचणीला तीच लाइन, तीच तडकलेली चकती, आणि खांबाखाली तेच बाबा, सोबत त्यांचा मदतनीस. निरोप निघाला, फिरला आणि आईपाशी येऊन थांबला. फोन वाजला. आईने तो उचलला आणि भिंगरीपुढे धरला.

"आज तू सांग."

"मी? अगं, समोर दिसतंय की सगळं. स्विच उघडलाय, कुलूप लागलंय."

"मग सांग ना."

भिंगरीने फोन कानाला लावला. तिकडे मंडईतला गलबला होता आणि त्यातून बाबांचा आवाज आला, "मेली का?"

स्क्रीनवर सगळं बरोबर होतं. हे तिचंच काम, तिनेच शंभरदा तपासलेलं. तरी "थांबा," ती म्हणाली आणि तिने दुसऱ्या फोनवरून उपकेंद्र लावलं.

"स्विच उघडला का?"

"उघडला, ताई. कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात आहे."

"खिशात हात घालून बघा."

"...आहे, ताई."

तिने उठून लाल पाटी खिळ्याला अडकवली आणि नीट बसली की नाही ते दोनदा ओढून पाहिलं. मग फोन उचलला.

"मेली," ती म्हणाली. आवाज चिरकला.

पलीकडून बाबांनी विचारलं, "कोण बोलतंय?"

"मी, बाबा."

"भिंगरी होय! मग तर डोळे मिटून चढतो."

आईने फोन हिसकावून घेतला. "अहो, डोळे उघडे ठेवून चढा! आणि टेस्टर लावा आधी!"

नंतरची चाळीस मिनिटं कुणी काही केलं नाही. साहेब चहा प्यायला गेले. भिंगरी फळ्यासमोर बसून राहिली. तिला कुणी काही विचारलं तर ते ऐकूच येत नव्हतं. पाटी हलतेय असं दोनदा वाटलं, तो पंख्याचा वारा होता.

फोन वाजला. "झालं गं. दोघंही खाली उतरलो. उठव."

तेव्हा तिच्या लक्षात आलं की इतका वेळ ती खुर्चीला पाठ टेकून बसलीच नव्हती. तिने आईकडे पाहिलं. दिवसातून चार वेळा, अठ्ठावीस वर्षं, आणि संध्याकाळी घरी येऊन हीच बाई विचारायची, भाजी कुठली करू?

"आई, तू रोज हे..."

"आधी लाइन उठव," आई म्हणाली. "लोक खोळंबलेत."