छोट्याच्या पेशी

मी एक जुना इन्क्युबेटर आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. स्टीलचं एक कपाट, काचेचं दार आणि आत माणसाच्या अंगाइतकी ऊब, एवढाच माझा थाट. कारखान्यातून निघालो तो थेट या प्रयोगशाळेत आलो आणि तेव्हापासून पेशी सांभाळतो आहे. नवा होतो तेव्हा पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवत. आता दाराचं रबर सैल झालं आहे आणि माझ्या डोक्यावर हातमोज्यांची खोकी रचतात.

इथे कर्करोगावर संशोधन करणाऱ्या ताईंनी मात्र मला कधी अडगळ मानलं नाही. एकदा त्यांनी माझ्या मधल्या फळीवर एक चपटी बाटली ठेवली. तिच्यात त्यांच्या धाकट्या भावाच्या पेशी होत्या. भाऊ ट्रक चालवणारा, चांगला धिप्पाड, तरी सगळे त्याला छोट्याच म्हणत. विडी-सिगारेटला कधी शिवला नाही आणि तरीही फुप्फुसाचा कर्करोग त्याच्या मानगुटीवर बसला. छातीत साठलेलं पाणी काढलं, त्यातल्या या पेशी.

पेशी आधी रुसून बसल्या, मग अचानक भराभर वाढू लागल्या. त्यांना सारखं "वाढा, वाढा" म्हणून टोचणारं एक प्रथिन ताईंनी शोधून काढलं. ते बंद पाडलं आणि काय सांगू, पेशींची वाढ थांबली! ताईंनी आनंदाने माझ्या दारावर थाप मारली. ते प्रथिन रोखणारं औषध दुसऱ्या एका आजारासाठी मिळत होतंच. छोट्याला ते द्यावं का, असं त्यांनी त्याच्या डॉक्टरांना विचारलं.

"आधी पेशी त्याच्याच आहेत ना, ते त्याच्या रक्ताशी जुळवून पाहा," डॉक्टर म्हणाले.

जुळलं नाही. पेशींना खाऊ म्हणून एक लाल पाणी घालतात. प्रत्येक जातीच्या पेशींसाठी ते वेगळं ठेवायचं असतं. पण वाया कशाला घालवायचं, म्हणून ताईंनी वरच्या फळीवर वर्षानुवर्षं वाढवत ठेवलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी पेशींचं उरलेलं पाणी छोट्याच्या बाटलीत घातलं होतं. त्या थेंबांतून आलेल्या दांडग्या पेशींनी त्याच्या पेशींचा केव्हाच फडशा पाडला होता. प्रथिन सापडलं होतं ते या परक्या पेशींमधलं.

"पुन्हा छातीतलं पाणी काढता येईल?" ताईंनी डॉक्टरांना फोनवर विचारलं.

"आता त्याला ते सोसणार नाही."

दोन दिवसांनी छोट्या चाकाच्या खुर्चीतून आला. "ताई, दाखव ना माझी पिलावळ," म्हणाला. ताईंनी बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. त्याने डोळा लावला.

"बापरे, किती गं या! पण थांबवल्यास ना तू? मग औषध कधी सुरू करायचं?"

"छोट्या, या तुझ्या नाहीत रे. तुझ्या पेशी माझ्याच हातून गेल्या."

त्याने पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"मग कुणाच्या आहेत?"

"कुणा एका बाईच्या. ती कधीच गेली, पेशी मात्र प्रयोगशाळांतून वाढतच राहिल्या."

"ताई, मला घरी सोडतेस का?" एवढंच तो म्हणाला. त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही. ताई येतात, माझं दार उघडतात आणि काहीच न घेता लावून टाकतात. मला फार वाईट वाटतं.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी अशा खोलीत काम कराल. तेव्हा प्रत्येक पेशीला तिचं वेगळं पाणी द्या आणि ती कुणाची आहे याची खात्री पहिल्याच आठवड्यात करा. छोट्यासारख्या माणसांकडे दुसऱ्यांदा द्यायला काही उरलेलं नसतं.